दहा रुपयांचा गुन्हा

१ जानेवारी २०२५ पासून इंदूर जिल्ह्यात भीक देणं हाही गुन्हा ठरला. मागणाऱ्याला पकडण्याचे कायदे आपल्याकडे जुने आहेत. देणाऱ्याला पकडायची कल्पना नवी. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा भंग केला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली नोंद व्हायची. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भीक मागणाऱ्याची खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. हे सगळं कागदावर राहील असं मला वाटलं होतं, पण महिना संपायच्या आत खंडवा रोडवरच्या एका देवळासमोर कुणा गाडीवाल्यानं भिकाऱ्याला दहा रुपये दिले आणि त्या अज्ञात चालकावर खरोखरच गुन्हा दाखल झाला.

ही बातमी मी पुण्यात वाचली तेव्हा इंदूरचं तिकीट काढून झालं होतं. ऐंशी ओलांडलेल्या आत्याला महेश्वर आणि ओंकारेश्वर करायचं होतं. आतेभाऊ गाडी चालवणार आणि मी सोबत. आत्या मूळची सदाशिव पेठेतली, लग्न होऊन इंदूरला गेली ती तिथलीच झाली. तिचं मराठी आता ‘काय करून राहिली तू?’ असं चालतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पुण्यात वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जाते. त्यामुळे असेल, दारात किंवा रस्त्यात कुणी हात पुढे केला की आत्या कमरेच्या बटव्यातून एक नाणं काढते. कोण, कुठला, धडधाकट आहेस का, असले प्रश्न ती विचारत नाही. बटवा रिकामा झाला की स्वच्छ सांगते, ‘आज संपलं, आता पुढे जा.’

माझी पद्धत वेगळी, आणि बहुतेक पुणेकरांची असते तीच. सिग्नलला गाडी थांबली की काच वर करायची आणि फोनमध्ये बघायचं. पूर्वी ‘सुट्टे नाहीत’ म्हणताना मनात कुठेतरी खुटखुटायचं, कारण पर्समध्ये सुट्टे असायचे. आता भाजीपासून रिक्षापर्यंत सगळं फोनवरून होत असल्यानं ते वाक्य खरं झालं आहे. मनाला मात्र त्यानं फार बरं वाटतं असं नाही.

इंदूरला पोहोचल्या पोहोचल्या आतेभावानं आईला बजावलं, ‘आई, बटवा घरी ठेव. फोटो काढून टाकतात लोक. हजार रुपये मिळून राहिलेत त्यांना.’

‘मग मी पाचशे देते म्हणावं, फोटो पुसून टाक,’ आत्या म्हणाली आणि बटवा कमरेला खोचला.

खजराण्याचा गणपती हे इंदूरकरांचं पहिलं दैवत. देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं असं सांगतात. मागच्या भिंतीवर लोक नवसाचं उलटं स्वस्तिक काढतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटं करतात. देवळाच्या वाटेवर फुलं, लाडू, नारळ यांच्या दुकानांची रांग. त्या रांगेपुढे पूर्वी बसणारी दुसरी रांग आता नव्हती. फलक होता, हिंदीत, भिक्षामुक्त शहराचा. सिग्नलवर गाडीच्या काचा पुसणारी पोरंही मला शहरात कुठे दिसली नाहीत. हे चांगलंच झालं, यात मला शंका नाही. पोराच्या हातावर पैसे ठेवले की ते त्या पोराचे राहत नाहीत आणि शाळेच्या वेळेत चौकात उभं राहायला त्याला आणखी एक कारण मिळतं. बालन्याय कायद्यात मुलांना भिकेला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखाचा दंड आहे. तो पोराला पैसे देणाऱ्यावर नाही, त्याला उभं करणाऱ्यावर आहे. मला वाटतं, कायद्यानं हात घालावा तो तिथेच.

देवळाच्या बाहेर, चपलांच्या स्टँडच्या पलीकडे, एक बाई वाती घेऊन बसली होती. फुलवाती, पन्नासाचं पाकीट वीस रुपयांना. टोपलीत पाकिटं जेमतेम सात-आठ. एवढ्यावर कुणाचा दिवस निघत नाही हे कुणालाही दिसावं. वाती कापसाच्या, हातानं वळलेल्या, एकीचं टोक दुसरीपेक्षा लांब. आत्यानं पन्नासची नोट दिली, बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाकीट न घेताच चालू लागली. घरी देवघरात वातींचा ढीग पडलेला.

बाई उठून मागे धावली. ‘अम्मा, बत्ती तो लेके जाओ! छोड़के मत जाओ, नहीं तो ये भीख हो जाएगी.’

तिनं पाकीट आत्याच्या पिशवीत कोंबलं, एक नाही, दोन. वर दहा रुपये मोजून परत केले. तेवढ्यात तिची नजर दोनदा फाटकाकडे जाऊन आली. फाटकाशी खाकी कपड्यातला एक जण खुर्ची टाकून बसला होता. तो देवळाचा होता की पालिकेचा की नुसताच उन्हाला बसलेला, सांगता येत नव्हतं. बाईलाही बहुधा येत नसावं. नव्या आदेशात भिकाऱ्यांकडून वस्तू विकत घ्यायलाही मनाई होती. म्हणजे ही बाई विक्रेती की भिकारी, हे आधी ठरायला हवं, आणि ते ठरवणार कोण, तर खबर देणारा. आत्यानं वाती न्यायच्या, विसाचे चाळीस करायचे, दहा परत घ्यायचे, हा सगळा खटाटोप त्या दोघींनी मिळून कायद्यासाठी केला.

आत गाभाऱ्यासमोरच्या दानपेटीवर क्यूआर कोड चिकटवलेला होता. माझ्या पुढच्या गृहस्थांनी फोन धरला, रक्कम टाकली, नमस्कार केला. मागच्या पैशांचं काय केलंस, हे गणपतीला कुणी विचारत नव्हतं.

याच देवळाशी जोडलेली एक गोष्ट इंदूरकर फारशी काढत नाहीत. शहर २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत पहिलं येतं आहे, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. सराफ्याच्या खाऊबाजारात मध्यरात्री खाऊन द्रोण टाकायला जागा शोधावी लागत नाही. पण २०२१ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्यावरच्या बेघर म्हाताऱ्यांना गाडीत भरून शहराबाहेर, देवासच्या वाटेवर शिप्रा गावापाशी नेऊन उतरवलं. गावातल्या लोकांनी हटकलं, व्हिडिओ काढला, तेव्हा त्याच म्हाताऱ्यांना पुन्हा त्याच गाडीत चढवावं लागलं. अधिकारी निलंबित झाले. आणि त्या वेळचे जिल्हाधिकारी खजराण्याच्या गणपतीपुढे येऊन क्षमा मागून गेले. गणपतीनं केली असेल. त्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं का, ते बातमीत नव्हतं.

इंदूरला नावं ठेवताना आपण मराठी माणसांनी जरा जपून बोलावं. देशभरच्या अशा कायद्यांचं मूळ आपल्याच घरचं आहे. मुंबई भीक प्रतिबंध कायदा १९५९ चा, द्विभाषिक मुंबई राज्याच्या काळातला. पुढे तो दिल्लीपर्यंत गेला आणि इतर राज्यांनी तोच पुढ्यात ठेवून आपापले केले. मध्य प्रदेशाचा १९७३ चा. या कायद्यात भीक मागणं म्हणजे काय, याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकायला पुढे करणं, या मिषानं मागितलं तरी ती भीकच. एवढंच नाही, तर पोटापाण्याचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी फिरत राहणाराही त्यात येतो. वासुदेव, नंदीबैलवाला, पोतराज, कुडमुड्या जोशी, डोंबाऱ्याची पोर, सगळे एका ओळीत बसवले. पहिल्यांदा सापडला तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. मुंबईत चेंबूरला ते आहे. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. चोराला याहून कमी होते. दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी हा कायदा दिल्लीपुरता बहुतांशी रद्द केला. ज्याला राज्य पोटाला देऊ शकलं नाही त्याला मागितलं म्हणून कोंडता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख. महाराष्ट्रात तो अजून आहे. लोकलमध्ये टाळी वाजवून मागणाऱ्यांसाठी रेल्वे कायद्याचं कलम १४४ वेगळंच आहे. २०११ च्या जनगणनेत भिकारी आणि भटके म्हणून नोंदलेले चार लाख तेरा हजार, त्यातले महाराष्ट्रात चोवीस हजारांच्या वर. मला हा आकडा नेहमी कमी वाटतो. जनगणनेवाला दारात येतो, आणि दारच नसलेल्यांची मोजणी म्हणजे एका रात्रीचा अंदाज.

महेश्वरला आम्ही महूवरून जामच्या वाटेनं गेलो. माळव्याचं पठार जिथे संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो, तिथे अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला जाम दरवाजा आहे. भक्कम दगडी कमान, वर छत्र्या, आणि आता पायथ्याशी भाजलेली कणसं, चहा आणि माकडं. दरवाजाच्या आसपासच इंदूर जिल्ह्याची हद्द संपून खरगोनची सुरू होते.

‘आता दे,’ आतेभाऊ म्हणाला. ‘इथून पुढे पुण्य आहे.’

आत्या हसली नाही. तिनं कणीसवाल्याकडून कणसं घेतली आणि एक माकडानं पळवलं म्हणून त्याचेही पैसे दिले.

या घाटांत एकेकाळी भिल्लांचं राज्य होतं. वाटसरू लुटले जात. अहिल्याबाईंनी आधी फौज पाठवली, मग वेगळा मार्ग काढला. घाटातून जाणाऱ्या प्रत्येक वाटसरूनं भिल्लांना एक लहानशी रक्कम द्यायची, भीलकवडी. आणि तेवढ्या बदल्यात त्या हद्दीत कुणाची चोरी झाली तर भरून द्यायची जबाबदारी भिल्लांची. पुढे जॉन माल्कमनं मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली. मला ही व्यवस्था फार आवडते. भिल्ल मागतात ते का मागतात, हे तिनं आधी ओळखलं: त्यांच्या डोंगरातून जग ये-जा करतं आणि त्यांना त्यातलं काही मिळत नाही. मग तिनं मागण्याचा हक्कच करून टाकला. त्या हक्काला कुणी भीक म्हणालं असेल, पण ते घाटाबाहेर.

महेश्वरला राजवाड्यात तिची बसायची जागा आहे, अगदी साधी, गादी आणि लोड. जन्म ३१ मे १७२५ चा, म्हणजे तिचं तीनशेवं वर्ष चालू होतं; जागोजागी फलक, त्यावर मंत्र्यांचे चेहरे तिच्यापेक्षा मोठे. काशी, गया, सोमनाथ इथली तिची देवळं सगळ्यांना माहीत असतात. घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रं मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. अन्नछत्राच्या दारात कोण खरा गरजू हे तपासायला कारकून नव्हता, एवढं मला पुरतं. जेवणाच्या वेळी येऊन पानावर बसतो तो भुकेला, एवढी साधी कसोटी.

अहिल्या घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो. नर्मदा जयंती आठवड्यावर आलेली, पाण्यात दिव्यांचे द्रोण सोडायला शाळेची सहल आली होती. तिथे तो भेटला. साठी उलटलेला, पांढरे कपडे मळून तांबूस झालेले, हातात दंड, गळ्यात नर्मदाजलाची छोटी कुपी. ‘नर्मदे हर’ म्हणाला आणि आमचं मराठी ऐकून पायऱ्यांवर टेकलाच. सांगलीकडचा, बँकेतून निवृत्त. देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं निघाला होता, समुद्रापर्यंत गेला, नावेतून पलीकडे उतरला आणि आता उत्तर तटानं अमरकंटककडे चालला होता. नदी एक हजार तीनशे बारा किलोमीटर, दोन्ही तट मिळून त्याच्या दुप्पट. जुना नेम तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. हल्लीचे लोक पाच-सहा महिन्यांत उरकतात. नदी ओलांडायची नाही. पैसे बाळगायचे नाहीत. जे मिळेल ते मागून खायचं.

‘मागणं जमलं का?’ मी विचारलं.

‘पहिला आठवडा नाही जमलं,’ तो म्हणाला. ‘हात वरच होत नव्हता. आयुष्यभर कर्जाचे अर्ज घेतले हो मी. समोरचा बोलायला लागला की मी आधी त्याचे कागद बघायचो. इथे मी दारात उभा, आणि माझ्याकडे कागद नाही.’ मग हसला. ‘तसा आहे म्हणा. परिक्रमेचं प्रमाणपत्र. ठिकठिकाणी शिक्के मारून घेतो.’

त्यानं ते काढून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेलं, आश्रमांच्या आणि ग्रामपंचायतींच्या जांभळ्या शिक्क्यांनी भरलेलं. काही शिक्के इतके पुसट की गावाचं नाव लागत नव्हतं. नंदुरबारच्या डोंगरांतून, धडगावच्या अंगानं येताना एका घरात त्याला ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी मिळाली. घरातल्या बाईला त्याचं मराठी कळत नव्हतं, त्याला तिचं भिलोरी. टोपल्यात भाकऱ्या चार होत्या आणि घरात माणसं पाच, एवढं त्यानं मोजलं, सवयीनं. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींच्या अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेत, ही कथा त्यानं सांगितली. सगळेच सांगतात. आता त्याच झाडीत सदाव्रत चालतं. कोरडा शिधा, पीठ, डाळ, मीठ, कधी गूळ. ‘कोण तू, हे कुणी विचारत नाही. नर्मदे हर म्हटलं की झालं.’

मग त्यानं जरा चाचरत आत्याकडे बघितलं. ‘माई, चपलेचा अंगठा तुटलाय. नव्या घ्यायला दोनशे रुपये मिळाले असते तर.’

आत्यानं बटव्याला हात लावला नाही. ‘पेन्शन येते ना रे तुला?’

‘येते. पण या वाटेवर तिला हात लावायचा नाही, असा नेम केलाय.’

‘मग तुझा नेम आहे. त्याचे पैसे मी का देऊ?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिनं आयुष्यात कुणाला ‘का’ विचारलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि विचारलं ते या सोवळ्या माणसाला. तो मात्र खदखदून हसला. समुद्र ओलांडल्यापासून आपल्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणाला. आत्यानं त्याला चहा पाजला, पिशवीतला पोह्यांचा चिवडा सगळा दिला, गावाकडे सून नीट वागते का याची चौकशी केली. पैसे नाही दिले. घाट चढून वर गेल्यावर चांभारानं त्याची चप्पल शिवून दिली आणि पैसे घेतले नाहीत, ‘नर्मदे हर’ म्हणाला.

परतताना मी आत्याला छेडलं. तिनं सरळ सांगितलं, ‘त्याला कुणीही देईल. पांढरे कपडे आहेत, शिक्के आहेत, बँकेत होता म्हणून सांगतो. वातीवालीला कोण देतं?’

माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलं आहे. आपण गरजेला देत नाही, गरजेच्या पोशाखाला देतो. मुंजीत मुलगा ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत ओळीनं बायकांपुढे येतो तेव्हा झोळीत बुंदीचे लाडू पडतात. जोगवा मागणारीच्या परडीत पीठ पडतं. गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग भाकरी घेत, म्हणून त्यांच्या खापराला सगळे मान देतात. तो मान योग्यच, पण ज्याला झाडण्याची ताकद उरली नाही त्याच्या खापराचं काय, हा प्रश्न राहतोच. गाणं, गंध, शिक्का, क्यूआर कोड, यांपैकी एक काही असलं की आपला हात मोकळा होतो. नुसता हात पुढे आला की आपण तपास अधिकारी होतो. दारू पिईल. टोळी असेल. धडधाकट आहे, काम का करत नाही. या सगळ्या शंका खोट्या नाहीत. भिकाऱ्याकडे हजारो रुपये सापडल्याच्या बातम्या इंदूरहूनच आल्या होत्या. पण दहा रुपयांसाठी एवढा तपास मला आता हास्यास्पद वाटतो. याच्या कैकपट पैसे आपण पावती न घेता कुठे कुठे देऊन येतो. द्यायचे नसतील तर देऊ नयेत, तोही हक्क आहे. त्याला चारित्र्याची चौकशी कशाला जोडायची? आणि सरकारनं तो निर्णयही माझ्या हातून काढून घ्यावा, हे तर मला अजिबात पटत नाही. निवारा द्या, दवाखान्यात न्या, पोरांना शाळेत घाला. भिकेवर जगणाऱ्यांना सावरायला केंद्राची ‘स्माईल’ योजना आहे आणि तिच्या पहिल्या शहरांत इंदूर आहे. ते काम करायचं तर दहा रुपये देणाऱ्या म्हातारीला धरायची गरज पडू नये.

ओंकारेश्वरला मागणाऱ्यांची रेलचेल होती. मांधाता बेटाकडे जाणाऱ्या झुलत्या पुलाच्या अलीकडे नाण्यांचे विक्रेते बसतात. समोर ताट, त्यात एक-एक आणि दोन-दोनच्या नाण्यांच्या चवडी. शंभराची नोट द्या, नव्वदची नाणी घ्या. पुलावर, घाटावर, बेटाच्या सात किलोमीटरच्या वाटेवर ती वाटत जा. संध्याकाळी तीच नाणी मागणाऱ्यांकडून नोटांच्या बदल्यात परत या ताटात येतात. त्या बाजूलाही काही तुटत असणारच. म्हणजे पुण्यावर दोन्हीकडून दलाली.

आत्यानं घासाघीस सुरू केली. ‘पंचाण्णव दे.’

‘माताजी, चिल्लर का भाव चढ़ गया है. सब मोबाइल से देते हैं.’

‘म्हणून तर तुला गिऱ्हाईक नाही. पंचाण्णव.’

ब्याण्णववर तुटलं. विक्रेत्यानं नाणी मोजली नाहीत, चवडीच्या उंचीवरून दिली, आणि आत्यानं तिथेच बसून मोजली. एक कमी निघालं. त्यानं ते काही न बोलता टाकलं.

पुलाखाली पोरं पाण्यात उतरली होती. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला स्पीकरमधून काढलेलं जाड गोल लोहचुंबक. वरून भाविक नर्मदेला नाणं अर्पण करतात, ते बुडायच्या आत चुंबक फिरतं. पाण्यातून दोरी वर आली की नाणी द्राक्षांच्या घडासारखी लटकत. माझ्या शेजारी एक कुटुंब उभं होतं. बापानं मुलीला नाणं दिलं, तिनं ते डोळे मिटून पाण्यात टाकलं. जरा वेळापूर्वी याच बापानं पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराला ‘चल, हट’ केलं होतं. आता ते नाणं खाली पाण्यात दुसऱ्या पोराच्या चुंबकाला चिकटलं, आणि बापानं हात जोडले. नर्मदेनं घेतलं, मग तिनं कुणाला दिलं तो तिचा प्रश्न.

ममलेश्वराच्या बाजूला एका पुजाऱ्यानं संकल्पाचे एकशे एक मागितले, नाही म्हटल्यावर एकावन्न, मग एकवीस, आणि आम्ही चपला घालेपर्यंत मागे आला. पुलावरच्या कुणीही आमचा एवढा पिच्छा पुरवला नव्हता. त्याच्यासाठी कलम नाही.

परतीची वाट मोरटक्क्याच्या पुलावरून, बडवाहमार्गे. चोरलचा घाट लागला की पुन्हा इंदूर जिल्हा. बलवाड्याला चहाला थांबलो तेव्हा बटव्यात काही नाणी उरली होती आणि आतेभाऊ घड्याळ बघत होता. ‘आई, काय असेल ते इथेच संपव.’

टपरीच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. डोक्याला मुंडासं, अंगावर कांबळं, पायाशी गाठोडं, नजर रस्त्यावर. आत्या उठली, गेली आणि त्याच्या तळहातावर पाच रुपयांचं नाणं ठेवलं.

म्हातारा दचकला. नाण्याकडे बघितलं, मग आत्याकडे. ‘काहे का?’

‘असंच. घ्या.’

‘मैं भिखारी लगता हूँ आपको? गाड़ी की बाट देख रहा हूँ. बेटी के यहाँ जा रहा हूँ, बड़वाह.’ आवाज चढला तशी टपरीवरची चार माणसं वळून बघायला लागली. आतेभाऊ चहाचा ग्लास घेऊन गाडीच्या पलीकडे गेला. आत्या गोरीमोरी झाली. ‘चूक झाली हो, माफ करा,’ असं मराठीतच म्हणाली आणि नाणं परत घ्यायला हात पुढे केला.

म्हाताऱ्यानं मूठ मिटली. ‘अब रहने दो. दे ही दिया है तो.’

तेवढ्यात बडवाहची खासगी बस येऊन थांबली. क्लिनर दारात लटकून ओरडत होता, ‘छुट्टा रखना, छुट्टा!’ म्हाताऱ्यानं गाठोडं खांद्यावर टाकलं, पायरीवर चढला आणि क्लिनरच्या हातावर वीसची नोट आणि ते पाचाचं नाणं ठेवलं.

‘पूरे हैं,’ तो म्हणाला. ‘अब बैठने की जगह दे.’